चिरईडोंगरीचा शेंदूर

रायपूरला डोंगर नाही असं म्हणणाऱ्या माणसाचा विनोदिनी सुभेदारला मनापासून राग यायचा. "पाय आहेत ना तुले? मंग डोंगर सापडते," असं ती तोंडावर सांगायची आणि पुढचं बोलणं बंद. मंत्रालयात तिच्या शेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या बायांनी म्हणूनच, रविवारी काय केलं हे तिला विचारणं सोडून दिलं होतं.

पुरानी बस्तीतल्या सुभेदारांची ही थोरली मुलगी. भोसल्यांच्या राज्यात घराणं इकडं आलं. राज्य गेलं, सुभा गेला, आडनाव तेवढं उरलं, आणि आडनावाचा ताठा. लग्न झालं नाही. झालं नाही की केलं नाही, हे विचारायची छाती कोणाची नव्हती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पहाटे तिला कुशीवर वळवायचं काम विनोदिनीचं. आई गेली, अंगाची सवय गेली नाही. तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी अंधारातच डोळा उघडला आणि वळवायला कोणी नव्हतं. घर खायला उठलं. तिनं स्कूटर काढली आणि रस्ता नेईल तिकडं निघाली. आरंग मागं पडलं, महानदीचा पूल मागं पडला, आणि फटफटायच्या आधी डाव्या हाताला एक काळी पाठ आभाळाला टेकलेली दिसली.

ती चिरईडोंगरी. त्या दिवशी विनोदिनी साडी-चपलेवरच वर चढली. उतरली तेव्हा चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तोंडावर असं काही होतं, की पायथ्याशी चहाचं टपरं चालवणाऱ्या बिसाहिनबाईनं न मागता कप पुढं केला.

तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. पायात कॅनव्हासचे बूट आले, पाठीला थर्मास आला. स्कूटर बिसाहिनच्या टपऱ्यामागं लावायची आणि टॉर्च तिथंच विझवायची. आधी डोळ्यांना काही दिसत नाही. मग पायांना दिसायला लागतं. मुरूम संपून तळव्याखाली कातळ आला की गार, कोरडा, भरवशाचा. धावड्याच्या खोडाला हात लावून वळायचं, तेंदूच्या झुडपातून वाकून निघायचं. दम लागला तर थांबायचं, कोणाला कारण द्यायचं नाही. आठवडाभर जिला 'दीदी, जरा देखिए तो' म्हणून लोक हैराण करतात, ती बाई वर कोणाची दीदी नव्हती, कोणाची ताई नव्हती. माथ्यावरच्या सपाट कातळावर बसून चहा पिता पिता ती बेसूर गायची. पूर्वेला आधी राख, मग राखेत निखारा, आणि मग खालची सगळी भातखाचरं एकदम उजळायची. झाडीत तितर ओरडायचे. अशा वेळी आई आठवायची, पण रडू यायचं नाही. आपल्याला कोणी शोधत नाही आणि आपण हरवलेलोही नाही, एवढंच तिला वाटायचं, आणि तेवढ्यावर पुढचा आठवडा निघायचा.

"अकेल्ला जाथस दीदी, डर नइ लागय?" बिसाहिन विचारायची.

"कशाचा डर? भालूचा?"

"भालू के नइ. मनखे के." माणसांचा, असं सांगताना बिसाहिनचा आवाज खाली यायचा. "अंधियार म अकेल्ला माईलोगन डोंगरी चढथे, त गाँव म का कहिथें, मालूम?"

मालूम होतं. टोनही म्हणतात. चेटकीण. छत्तीसगढात हा शब्द हळूच उच्चारतात, आणि एकदा उच्चारला की त्या बाईचं काय होईल ते सांगता येत नाही. एकट्या बाईला झाडाला बांधतात, केस कापतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव म्हणतं, आम्ही तर घरी झोपलो होतो.

"सुभेदाराच्या पोरीले टोनही म्हननाऱ्याची जीभ झडन," विनोदिनी म्हणाली आणि हसली. बिसाहिन हसली नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला ती चौबे कॉलोनीत भावाकडं जेवायला गेली. भार्गव तिच्याहून धाकटा. आधी उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होता, पण नवी राजधानी म्हणजे रस्ते, रस्ते म्हणजे गिट्टी आणि गिट्टी म्हणजे डोंगर, हा हिशेब त्याला लवकर कळला. नोकरी सोडून तो एका ठेकेदाराच्या भागीत गेला होता आणि घरापुढं जीप उभी राहिली होती.

"काय वो ताई, एकटी जाऊन करते तरी काय तिथं?"

"बसते. तुले नाही समजनार."

"पत्थर कसा आहे? भुसभुशीत असन."

"भुसभुशीत? अरे घण मारला तं घण तुटन! तुया उरल्याचं लोखंड ऐकनार नाही असा कातळ आहे."

"आन माणसं?"

"पहाटे चिटपाखरू नसते. म्हणून तं जाते."

भार्गवनं मान हलवली आणि तिच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला. आपल्या डोंगराचं कौतुक भावानं एवढं मन लावून ऐकलं, याचंच तिला सुख. बोलून गेलेला शब्द कुठं जाऊन पडतो ते बोलणाऱ्याला दिसत नाही.

कार्तिक सरत आला असताना माथ्यावरच्या एका धोंड्यावर लाल उमटलं. हातभर, ठसठशीत, अंधारातही चकाकणारं. विनोदिनीनं जागच्या जागी बूट काढले. सुभेदारांच्या घरात शेंदूर लावलेला दगड दिसला की पायातलं काढायचं, हे शिकवावं लागत नाही. बापानं काढलं, त्याच्या बापानं काढलं. ज्या कातळावर आपण उगाच येऊन बसतो तिथं कोणीतरी होतं, आणि ते आता आपल्याला दिसलं, असं वाटून तिच्या अंगावर काटा आला. दगडाला उग्र वास येत होता. शेंदरातलं तेल खवट झालं असेल, असं तिनंच ठरवून टाकलं. देवाला नख लावून कोण बघतं?

पुढच्या रविवारी तिनं घरची जास्वंद नेली, आणि उतरल्यावर आनंद पोटात मावेना म्हणून बिसाहिनला सांगितलं. तिथं चुकलं. पंधरवड्यात पाऱ्यातल्या, म्हणजे पायथ्याच्या वस्तीतल्या, बाया दर रविवारी पहाटे वर यायला लागल्या. नारळ आले, लाल चुनरी आली, तेंदूच्या फांदीला पितळी घंटा लागली. डोंगरी दाई, म्हणजे डोंगरावरची देवी, प्रगटली, आणि ती रायपूरच्या मराठीन दीदीला आधी दिसली, असं गावोगाव झालं. विनोदिनीला मान मिळाला आणि एकांत गेला. ती आणखी अंधारात यायला लागली, बाया यायच्या आधी उतरायला लागली. भार्गवला तिनं यातलं काही सांगितलं नाही. तो हसला असता.

मग देव वाढायला लागले. पौषात माथ्यावर आणखी दोन दगड लाल झाले, माघात तर ओळच लागली. देव असे ओळीत उभे राहतात का, हा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. दगडांच्या शेजारी मनगटाएवढी गोल भोकं दिसायला लागली. बायांनी नागोबा समजून त्यांत दूध ओतलं. झुडपांच्या पानांवर पांढरी भुकटी बसलेली असायची. आठवड्याच्या मधल्या वारी डोंगराच्या मागच्या अंगाला यंत्र घरघरायचं. गाव म्हणायचं, नहराचं काम चाललंय.

आणि तितर ओरडायचे थांबले. चिरईडोंगरीवर चिरई, म्हणजे पाखरूच, बोलेना. विनोदिनी कान लावून बसायची, चहा गार व्हायचा, आणि डोंगर श्वास धरल्यासारखा गप्प असायचा. आता तिला तिथं गाणं सुचत नव्हतं. तरी ती जायची. घरी तरी काय होतं?

फागुनातल्या एका शनिवारी संध्याकाळी भावजयीचा डबा परत द्यायला ती चौबे कॉलोनीत गेली. दारात भार्गवची जीप उभी होती आणि मागचं झाकण उघडं होतं. आतून तोच वास आला. तोच, खवट तेलाचा. ताडपत्रीवर रंगाचा डबा होता, डब्यात जाड ब्रश, आणि कडेनं ओघळलेला रंग लाल. विनोदिनीनं बोट लावलं. बोट नाकाशी नेलं. तारपीन.

ती आत गेली तेव्हा भार्गव टीव्हीपुढं बसला होता.

"चिरईडोंगरीवर लाल रंग तू लावला?"

"मी काहून लावू? पोट्टे लावतात. सुरुंगाच्या जागा असतात त्या." त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "बरं झालं आली तू. उद्या जाऊ नको ताई. उद्या उजाडता उजाडता उडवून राहिले. तुले फोन करनारच होतो."

"उद्या रविवार आहे."

"मंग? रविवारी मजूर नसते, आन पहाटे तिथं कोणीच नसते. तूच तं म्हनत होती."

"तिथं बाया येतात, भार्गव. दर रविवारी. त्याच दगडांची पूजा करतात."

"कोण बाया? पोट्टे तं एखाद्या नारळाचं बोलले होते. दर रविवारी येतात? काहून?"

"मी सांगतलं म्हणून," ती म्हणाली.

भार्गवनं तिच्यासमोर ठेकेदाराला फोन लावला. लागला नाही. "मी पाहतो वो. होऊन जाईन." दोन तासांनी पुरानी बस्तीत त्याचा फोन आला, की बोलणं झालं, काम पुढं ढकललं, निवांत झोप. होऊन जाईन म्हणणाऱ्या माणसाचं काम कधी होत नसतं, हे तिनं मंत्रालयात रोज पाहिलं होतं. पहाटे ती निघालीच.

बिसाहिनचं टपरं बंद होतं. चुलीत विस्तव नाही. म्हणजे तीही वर गेलेली. डोंगराच्या मागच्या अंगाला, पार लांब, गाडीचे दिवे एकदा लागले आणि विझले. सुरुंग थांबवायला तिकडं वळसा घालून पोचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ आहे की नाही, हे कोणाला माहीत? विनोदिनी सरळ वर निघाली. ज्या वाटेवर तिनं कधी घाई केली नव्हती, ती वाट त्या दिवशी हातापायांवर चढली.

माथ्यावर पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. दिवे लावलेले, ऊदबत्त्यांचा धूर. गोल भोकं ओल्या मातीनं बुजवलेली होती आणि प्रत्येक भोकातून पिवळी तार निघून मागच्या उतारावरून खाली गेली होती. एका म्हातारीनं त्या तारेवर झेंडूची माळ नीट गुंडाळली होती.

"उतरो! सब नीचे उतरो!" विनोदिनी ओरडली. "ये देवी नहीं है, रंग है. सुरंग लगा है इधर!"

बाया बघत राहिल्या. बिसाहिन उठून जवळ आली. "का होगे दीदी? तैं तो कहे रहे, दाई आय कहिके."

"चूक झाली माझी! रंग है रे बाबा, ठेकेदार का रंग!"

"देवता के जघा म झूठ झन बोल," देवाच्या जागी खोटं बोलू नको म्हणून म्हातारीनं बसल्या जागेवरूनच बजावलं, आणि बाकीच्यांनी पुन्हा भजन धरलं.

समजावून सांगायला दिवस पुरला नसता. विनोदिनीचं डोकं तापलं, आणि तापलं म्हणूनच चाललं. माणूस खऱ्यामागं धावत नाही, अपमानामागं धावतो. ती बुटासकट त्या पहिल्या दगडावर चढली. जिच्या बापाच्या बापानं चप्पल काढली होती तिनं लाल रंगावर पाय रगडला. बायांच्या तोंडून एक आवाज निघाला. तिनं चुनरी ओढली, दिव्यांचं ताट लाथेनं उडवलं, फांदीची घंटा हिसकावली आणि खाली पळत सुटली.

मागून आख्खा पारा सुटला. शिव्या, किंकाळ्या, दगड. "पकड़व! धरव ओला!" विनोदिनीच्या हातातली घंटा तिच्या प्रत्येक उडीला वाजत होती, आणि ती मुद्दाम जोरात वाजवत होती. एकही बाई वर राहता कामा नये. मागं वळून तिनं म्हातारी येते का पाहिलं. बिसाहिन म्हातारीला पाठुंगळी घेऊन येत होती, शिव्या देत.

मोहाच्या झाडांपाशी त्यांनी तिला गाठलं. कोणीतरी केस धरले, कोणीतरी घंटा ओढली. आणि पायाखालची जमीन सरकली. आवाज नंतर आला. डोंगराचा माथा आधी फुगला, पोळीसारखा, मग फुटला, आणि सूर्य निघायचा होता त्या जागी काळा धूर उभा राहिला. दगड मोहाच्या फांद्या मोडत पडायला लागले. सगळ्याजणी जमिनीला चिकटल्या.

धूळ बसली तेव्हा सगळ्या जिवंत होत्या. विनोदिनीच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तो दगड डोंगराचा होता की कोणाच्या हातचा, हे तिनं पुढं कोणाला सांगितलं नाही.

म्हातारीनं मोडक्या माथ्याकडं पाहिलं, मग विनोदिनीच्या बुटांकडं. बुटांच्या तळाला लाल लागलं होतं.

"दाई रिसागे," ती म्हणाली. देवी कोपली. आणि मग तो दुसरा शब्द, हळूच, जसा बोलतात तसा. "टोनही."

बिसाहिननं मान खाली घातली. नाही म्हणाली नाही.

ठेकेदाराला याच्याहून स्वस्त वकील मिळाला नसता. सुरुंग म्हणावं तर माणसं वर असताना लावला याचा जाब द्यावा लागेल. देवीचा कोप म्हणावं तर कोणाचंच काही जात नाही. पायथ्याशी देऊळ बांधून देतो, असं त्यानं तिसऱ्या दिवशी गावात कळवलं. विनोदिनी ठाण्यात गेली. मुन्शीनं तिची पट्टी बांधलेली कपाळपट्टी पाहिली आणि विचारलं, "मैडम, आप अँधेरे में वहाँ अकेली करती क्या थीं?" गावातली एकही बाई बोलायला आली नाही.

भार्गव मलम घेऊन घरी आला. दारातच उभा राहिला.

"वाचल्या ना सगळ्या? मंग सोड आता. माझं नाव घेऊ नको ताई, पोराबाळांचं घर आहे."

"आनखी किती दगड रंगवले?"

त्यानं मलम पुढं केलं.

"भार्गव, मी विचारून राहिली. किती?"

"दक्षिणेच्या खांद्यावर एक ओळ आहे," तो म्हणाला. "पण आता महिनाभर काही होनार नाही. देवाशप्पथ."

"कोणत्या देवाची?" तिनं विचारलं, आणि दार लावलं.

बाया पुन्हा येणार हे तिला ठाऊक होतं. कोपलेल्या देवीला कोणी घरी बसून शांत करत नाही. माथा गेला तर त्या खांद्यावरच्या दगडांपाशी जातील, आधीपेक्षा जास्त जातील, पोरंबाळं घेऊन जातील. आणि महिना काय, आठवडा काय, तारा पुन्हा येतील. पण बाया येतील त्या लाल दगड उरले तर. न उरले तर कोण कशाची पूजा करील?

रविवारी तिनं थर्मास घेतला, तारपिनाची बाटली घेतली, लोखंडी ब्रश घेतला. टपऱ्यात चूल पेटलेली होती. बिसाहिननं चहा दिला नाही. "झन जा दीदी," एवढंच म्हणाली, चुलीकडं बघत. "गाँव देखत हे." विनोदिनीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. बिसाहिननं खांदा काढून घेतला नाही, पण वरही पाहिलं नाही.

तिनं टॉर्च विझवली. पायांना दिसायला लागलं. मोडलेल्या डोंगराला भाजल्यासारखा वास येत होता, पण खालच्या टप्प्यात कातळ तसाच होता, गार, कोरडा, आणि तिला त्याची दया आली, मग राग आला, मग दोन्ही गेलं आणि नुसतं चालणं उरलं. खांद्यावरच्या दगडांचा रंग कोवळा होता. ती एकेक दगड घासत गेली. हात कोपरापर्यंत लाल झाले. शेवटच्या दगडाला दगडाचा रंग आला तेव्हा पूर्वेला राखेत निखारा पडला होता.

ती बसली. खाली खाचरं उजळायला लागली. आणि कुठूनतरी, धावड्यांच्या पलीकडून, एक तितर ओरडला. कितीतरी दिवसांत पहिलाच. विनोदिनीला हसू आलं. तिनं थर्मासचं झाकण उघडलं, आणि तेव्हा तिला खालची वाट दिसली.

वाटेच्या तोंडाशी माणसं उभी होती. या वेळी पुरुषही होते, आणि काहींच्या खांद्यावर लाठ्या. माणसं ओरडत नव्हती, वर येत नव्हती. नुसती उभी होती, वर बघत. विनोदिनीची स्कूटर आडवी पडलेली होती. घोळक्याच्या कडेला बिसाहिनची निळी शाल ओळखू येत होती.

मागची वाट सुरुंगानं गेली होती. उतरायला आता हीच एक. असती तरी सुभेदाराची पोर मागच्या वाटेनं उतरली नसती.

तिनं चहा ओतला आणि सावकाश, तळाच्या गाळापर्यंत प्यायला. बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा आवळल्या. हात पुसायला तिच्याकडं पदर होता. तिनं पुसले नाहीत. आधी बिसाहिनला हाक मारायची, तिनं ठरवलं. नाव घेऊन, मोठ्यानं. घोळक्यातल्या एकाला जरी नावानं हाक मारली तरी घोळका थोडा सैल होतो. कधी कधी होतो.

मग ती उठली आणि वाटेच्या मधोमधून उतरायला लागली. तितर अजून ओरडत होता.